होडीत झोपलेला माणूस आणि आपली उडालेली झोप



पावसाळ्यात जाळी आढ्याला टांगलेली आणि हातात मोबाईल, अशी आपली गत. त्यात हल्ली एक गोष्ट ग्रुपांवर फार फिरते: बायबल वाचा, येशूवर विश्वास ठेवा, मनाला शांती मिळेल, सगळं दुःख पळून जाईल. कुणी हात जोडतंय, कुणी चिडतंय. आमचं मत विचाराल तर शांती मिळते, हे आम्हाला पटतं. पण दुःख पळून जातं म्हणणाऱ्यानं त्यातल्या कोळ्यांच्या गोष्टी नीट वाचलेल्या नाहीत.

हो, कोळ्यांच्या. येशूचे पहिले चार शिष्य, पेत्र, आंद्रिया, याकोब आणि योहान, चौघंही मासे धरणारे. तेही समुद्रात नाही, आपल्यासारखेच गोड्या पाण्यात. गालीलचा समुद्र म्हणतात, पण ते तळंच आहे. लांबी साधारण २१ किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त १३. आपल्या हिडकलला ज्या चिलापीला आपण शिव्या घालतो, तिच्याच कुळातला मासा तिथं 'पेत्राचा मासा' म्हणून हॉटेलात विकतात! याकोब-योहानचा बाप जब्दी हा होडीमालक होता, त्याच्या होडीत रोजंदारीची माणसं होती. आणि शिमोन पेत्राला जाळं फाटेस्तोवर मासळी लागली तेव्हा त्यानं दुसऱ्या होडीतल्या भागीदारांना खुणेनं बोलावलं. सोसायटी काढण्याआधीची सोसायटीच ती.

त्या काळातली एक होडीसुद्धा सापडली आहे. १९८६ साली दुष्काळात गालीलचं पाणी उतरलं आणि दोघा भावांना चिखलात लाकूड दिसलं. आपल्याकडं उन्हाळ्यात हिडकलचं पाणी उतरलं की हुन्नूरचं विठ्ठल मंदिर वर येतं, तसंच. होडी सव्वाआठ मीटर लांब, जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीची. ती येशूच्या शिष्यांचीच, असं कुणी सांगू शकत नाही. पण तिला दहाच्या वर जातींच्या लाकडांचे तुकडे लागलेले आहेत. म्हणजे मालकाकडं पैसा नव्हता; जे मिळेल त्याचं ठिगळ लावून तो पाण्यात उतरत होता. हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

आता ती वादळाची गोष्ट. मार्कच्या चौथ्या अध्यायाच्या शेवटी आहे. संध्याकाळी पलीकडच्या तीराला निघाले आणि वारा उठला. ते तळं समुद्रसपाटीपेक्षाही दोनशे मीटर खाली आहे, भोवती डोंगर. वरून वारा आला की सांगून येत नाही. वळवाच्या दिवसांत दुपारी चारनंतर धरणात अडकलेल्या माणसाला हे कळेल. होडीत पाणी भरायला लागलं आणि येशू मागच्या बाजूला उशी घेऊन झोपलेला! शिष्यांनी त्याला उठवलं ते आरती करून नाही. आम्ही बुडतोय, तुम्हाला काहीच कसं वाटत नाही, असं तोंडावर बोलले. तो उठला, वाऱ्याला आणि पाण्याला गप्प केलं, मग त्यांना विचारलं की एवढं घाबरलात कशाला.

यात लोक वारा थांबला तेवढंच लक्षात ठेवतात. आम्हाला त्याच्या आधीचं महत्त्वाचं वाटतं. तो त्यांच्याच होडीत होता, भिजत होता. काठावर छत्री घेऊन उभा राहून उपदेश करत नव्हता. आणि ती माणसं पोटातलं भय लपवून न ठेवता बोलली. आपल्याकडं बाप्या माणसानं घाबरलो म्हणायचं नाही, अशी रीत. मग २०१९ च्या पुरात होडी गेली, जाळी गेली, परत २०२१ ला यमगर्णीजवळ वेदगंगा हायवेवर आली, सोडलेली बोटुकली वाहून गेली, ठेक्याचे पैसे अंगावर आले. हे सगळं कुणाला सांगायचं? बाटलीला. रात्री दोनला छताकडं बघत पडलेल्या माणसानं देवाला मोठ्यानं विचारलं की तू झोपलास काय, तर ती नास्तिकता नाही. शास्त्रानुसार तीच प्रार्थना आहे.

शांती किती दिवसांत मिळते, हेही लोकांना हवं असतं. पंडिता रमाबाईंचं बघा. जन्म १८५८ चा, तुंगा-भद्रेच्या उगमाजवळ गंगामुळाला, म्हणजे आपल्या कर्नाटकातच. दुष्काळात आई, बाप, बहीण गेली. पुढं भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षंही झाली नाहीत तोवर नवरा गेला, पदरात लहान मुलगी. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आणि नंतर त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं की तरीही मन शांत नव्हतं. खरं समाधान लाभलं ते आठेक वर्षांनी, ग्रंथ वाचता वाचता. आठ वर्षं! धर्म बदलला की लगेच शांती, असं सांगणाऱ्यांना आणि त्यावरून भांडणाऱ्यांनाही आम्ही हे ऐकवू. ही पोस्ट कुणाला चर्चला ओढायला नाही की अडवायलाही नाही. आपल्यात गंगेला नारळ देणारी घरं आहेत, रविवारी चर्चला जाणारी आहेत, सगळ्यांचं जाळं एकाच पाण्यात पडतं.

रमाबाई शांती मिळाली म्हणून डोळे मिटून बसल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली आणि विधवा शेकड्यांनी केडगावला आणल्या, जगवल्या, शिकवल्या. बायकांना कळेल अशा सोप्या मराठीत बायबल आणायचं म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. १९२१ ला एकुलती एक मुलगी वारली, तरी काम सोडलं नाही. भाषांतर पुरं करून १९२२ च्या एप्रिलमध्ये गेल्या. दुःख पळालेलं कुठं दिसतं यात? ते होतंच. पण ते सुकाणू धरून बसलेलं नव्हतं.

म्हणून विश्वासाच्या नावावर लाईफ जॅकेट घरी ठेवणाऱ्यांशी आमचं भांडण आहे. वळवाचे ढग दिसत असताना होडी लोटायची आणि येशू किंवा गंगामाई बघून घेईल म्हणायचं, ही श्रद्धा नव्हे. तसंच, पंधरा-पंधरा दिवस झोप नाही, जीव नकोसा वाटतो, असं असेल तर ग्रंथ उशाशी असू द्या आणि डॉक्टरकडं जा. १४४१६ हा सरकारचा टेली-मानसचा नंबर आहे. फुकट आहे, मराठी-कन्नड दोन्ही चालतं. घरातल्या बाईनं लावला तरी चालेल.

ज्यांना वाचून बघायचंय त्यांनी योहानचा शेवटचा अध्याय घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. येशूला ओळखत नाही असं तीनदा सांगून मोकळा झालेला पेत्र परत जुन्या धंद्याला लागलाय, रात्रभर जाळं रिकामं. पहाटे काठावर उभा असलेला माणूस जाळं उजवीकडं टाका म्हणतो, आणि एकशे त्रेपन्न मासे लागतात. मोजलेत, बरं का. कोळ्याशिवाय असा आकडा कोण लक्षात ठेवणार! काठावर येशूनं निखारे पेटवलेत, वर मासे आणि भाकर. पेत्राला विचारायचं होतं ते त्यानं विचारलंच, पण जेवण झाल्यावर.