अंघोळ सहाला, सवलत नऊला!

थंडी पडली की आमच्या पुण्यात घराघरांत एकच आरोळी: "अरे, गिझर बंद केलास का?"

हिशोब साधा आहे. 2000 वॅटचा गिझर अर्धा तास तापला की 1 युनिट. बटण चालूच राहिलं, तर पाणी निवतं, थर्मोस्टॅट पुन्हा तापवतो. दिवसभर हेच! म्हणून मी 16 अँपिअरचा स्मार्ट प्लग लावला. पावणेसहाला चालू, सव्वासहाला बंद. विसरण्याचा प्रश्नच मिटला. भाड्याच्या घरातही हे जमतं, जाताना काढून नेता येतं.

पण आता स्मार्ट मीटरचं बघा. 1 जुलै 2025 पासून टीओडी मीटरवाल्या घरगुती ग्राहकांना सकाळी 9 ते संध्याकाळी 5 स्वस्त वीज, सुरुवातीला युनिटमागे 80 पैसे सवलत. छान! पण सातच्या शाळेची पोरं आणि आठची बस पकडणारी माणसं नऊला अंघोळ करणार का? सवलत घरी असणाऱ्याला, बिल मात्र सगळ्यांना.

दिवसा स्वस्त वीज मिळते ती मुख्यतः उन्हामुळे. मग तेच ऊन गच्चीवर का साठवू नये? सोलर वॉटर हीटरची टाकी दुपारी तापते, पाणी सकाळपर्यंत गरम राहतं. त्याला ना ॲप लागतं, ना वायफाय. पुणे महापालिका त्यासाठी मालमत्ता करात सवलतही देते.

तेव्हा सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये पार्किंगचं भांडण जरा बाजूला ठेवा आणि गच्चीचा विषय काढा. तुमच्या सोसायटीत सोलर आहे का? चालू आहे की नुसताच शोभेला? कमेंटमध्ये सांगा.