आपोआप उघडणारी झडप

या महिन्याचा विषय वडील मंडळींस परका वाटेल. परंतु ज्या घरांत कॉलेजांत जाणारा मुलगा आणि दारांत मोटारगाडी आहे, त्या घरीं तो आज ना उद्यां निघणारच. आमच्या नात्यांतील एका तरुणानें नुकताच असा बेत मजपुढें मांडला कीं, गाडीच्या धूरनळीस ‘कटआउट’ नांवाची झडप बसवावयाची, आणि अॅक्सिलरेटर दाबतांच ती आपोआप उघडावी अशी तारांची जोडणी करावयाची. बेतास होकार वा नकार देण्यापूर्वीं तो समजून घेणें हें वडीलपणाचें पहिलें कर्तव्य होय.

इंजिनांत इंधन जळून झालेला वायु मोठ्या दाबानें बाहेर पडतो. त्याचे एकामागून एक बसणारे धक्के म्हणजेच तो फाडफाड आवाज. सायलेन्सर हे धक्के कोठ्यांतून व सच्छिद्र नळ्यांतून फिरवून शमवितो. अमेरिकेंत रीव्ह्ज बंधूंनीं अशा साधनाचें पेटंट १८९७ सालीं घेतलें. परंतु या शमविण्यांत वायूच्या वाटेंत थोडा अडथळा येतो व शक्तीचा कांहीं अंश खर्चीं पडतो. म्हणून आरंभींच्या कित्येक मोटारींत सायलेन्सरच्या अलीकडे एक झडप असे. चढ लागला कीं चालक ती स्वतः उघडी, आणि चढ सरतांच मिटी.

आज हेंच काम विजेकडून करून घेतां येतें. थ्रॉटलच्या पातीपाशीं एक सेन्सर असतो. पाती मिटलेली असतां तो साधारण अर्धा व्होल्ट दाखवितो, पूर्ण उघडली असतां साधारण साडेचार. ही खूण एका लहान मंडलास द्यावयाची. ठरविलेली मर्यादा ओलांडली कीं तें रिले चालवितें, आणि विजेची छोटी मोटर झडप उघडते. मिटण्यासाठीं प्रवाहाची दिशा उलटावी लागते, म्हणून दुसरा रिले. उघडण्याची व मिटण्याची मर्यादा एकच ठेवली तर पाय किंचित हलतांच झडप फडफडत राहील. यास्तव साडेतीन व्होल्टांवर उघडावी व अडीचांवर मिटावी, असें कांहीं अंतर राखतात. फ्यूज तर हवाच. शिवाय इंजिनाचा संगणकही त्याच सेन्सरकडून खबर घेत असतो. त्या तारेवर जादा भार पडला तर त्याची गणितें चुकतात.

युक्ति सुंदर आहे यांत शंका नाहीं. तरुणाचें म्हणणें असें कीं, सावकाश चालवितांना गाडी गप्पच राहील, आवाज होईल तो केवळ जोर लागतांना. मग त्रास कोणास? परंतु जोर लागतो केव्हां? मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगानें चालणाऱ्या गाडीचा थ्रॉटल थोडाच उघडा असतो. तो खरा उघडतो सिग्नल हिरवा होतांच, पुढील रिक्षा ओलांडतांना, उड्डाणपूल चढतांना. म्हणजे नेमका भरवस्तींत. आमच्या धंतोलींत तर रुग्णालयांची दाटी आहे. सेन्सरला पातीचा कोन कळतो. खिडकीआड कोण निजलें आहे तें कळत नाहीं.

कायद्याचीही बाजू पाहावी. २००० सालच्या ध्वनिनियमांप्रमाणें निवासी भागांत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल, आणि शांतता क्षेत्रांत ५० व ४० डेसिबल ही मर्यादा आहे. डेसिबल दहानें वाढला म्हणजे ध्वनीची शक्ति दहापट होते, वीसनें वाढला म्हणजे शंभरपट. गाडीच्या मूळ घडणींत परस्पर बदल करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाचा प्रतिबंध आहे. आवाजाची मर्यादा मोडल्यास १९० व्या कलमान्वयें, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, पहिल्याच गुन्ह्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊं शकतात. झडप जर धूर शुद्ध करणाऱ्या उत्प्रेरक कोठीच्या अलीकडे बसविली, तर आवाजाबरोबर विषारी वायुही मोकळे सुटतात तें निराळेंच.

मला मुख्य आक्षेप याहून निराळ्या जागीं दिसतो. व्याकरणांत कर्ता वेगळा आणि करण वेगळें. हातानें झडप उघडणारा चालक कर्ता होता. उघडण्यापूर्वीं रस्ता पाहणें, माणसें पाहणें त्याच्या हातीं होतें, आणि दोषही त्याचाच होता. आपोआप उघडणाऱ्या झडपेंत हा क्षणभराचा विचारच काढून टाकलेला असतो. पाय घाई जाणतो, शेजारधर्म जाणत नाहीं. आणि आवाज झाल्यावर ‘मीं कोठें उघडली, ती आपोआप उघडली’ असें म्हणावयास जागा राहते. जें काम आपोआप घडलें तरी कोणाचें नुकसान होत नाहीं, तेवढेंच यंत्रावर सोंपवावें.

मात्र वडिलांनीं नुसतें ‘नाहीं’ म्हणून वर्तमानपत्रांत डोकें घालूं नये. ज्या मुलास हें मंडल सुचतें त्याची बुद्धि वायां दवडण्याजोगी नाहीं. शर्यतीचीच हौस असेल तर चेन्नई व कोइमतूर येथें बंदिस्त धांवपट्ट्या आहेत. आणि मंडलाचीच गोडी असेल तर घरांत काम पडलेलेंच आहे. नागपूरच्या उन्हाळ्यांत कूलरची टाकी भरतां भरतां घरांतील बायामाणसें थकून जातात. पाणी खालच्या खुणेवर आलें कीं पंप सुरू व्हावा आणि वरच्या खुणेस पोंचलें कीं थांबावा, यांतही त्याच दोन मर्यादा, मध्यें तेंच अंतर आणि तसलाच रिले. हें त्यानें चैत्रापूर्वीं करून दाखवावें. सामानाचा खर्च वडिलांनीं आनंदानें द्यावा.