चोच फुटली म्हणून कोंबडी कापण्याची घाई नको

नागपूर जिल्ह्यातील खेड्यांत कोंबडीची चोच फुटली की तिचे भवितव्य बहुधा एक-दोन दिवसांतच ठरते. जाळीत अडकून, कुत्र्या-मुंगसाच्या झटापटीत किंवा आपसांतील भांडणात चोचीचा तुकडा निघतो. कोंबडी दाणा टिपत नाही, कोपऱ्यात पिसे फुगवून बसते आणि ‘आता ही जगत नाही’ असे म्हणून तिच्यावर सुरी चालते. हा निर्णय पुष्कळदा चुकीचा असतो. अशी कोंबडी जखमेने क्वचितच मरते. ती मरते उपासाने आणि तहानेने, व हे दोन्ही टाळणे घरच्या माणसांच्या हाती असते.

गावरान कोंबडी वर्षाला साधारण ६० ते ७० अंडी देते. शिवाय ती खुडूक बसून पिले काढते आणि त्यांना सांभाळते, हे तिचे मोल अंड्यांहूनही अधिक आहे. चार-पाच कोंबड्यांची ही मिळकत बहुधा घरच्या बाईची असते. मीठमिरची, मुलांच्या वह्या त्यातून भागतात. कोंबडी कापण्याचा निर्णय मात्र नेहमीच तिला विचारून होतो असे नाही.

चोच नखासारखी निर्जीव असते, असा एक समज आहे. वस्तुतः तिच्या बाहेर शिंगासारखे कठीण आवरण असते, आत हाड असते आणि त्यांच्या मध्ये रक्तवाहिन्या व मज्जातंतू असतात. अंड्यांच्या मोठ्या कुक्कुटशाळांतून पिलांच्या चोची तापलेल्या पात्याने छाटतात. अशा छाटलेल्या चोचीतील मज्जातंतूंच्या टोकांशी गाठी बनतात व तेथून विकृत संवेदना उठत राहतात, हे एडिंबरा येथील संशोधकांनी १९८५ साली दाखवून दिले. तेव्हा चोच फुटलेली कोंबडी दाणा टिपत नाही, याचा अर्थ तिला भूक नाही असा नव्हे. कठीण जमिनीवर चोच आपटताच तिला कळ येते, म्हणून ती भीत असते.

प्रथम रक्त थांबवावे. स्वच्छ कापडाने काही मिनिटे हलका दाब द्यावा. तेवढ्याने न थांबल्यास चिमूटभर कोरडे मक्याचे पीठ दाबून धरावे. नंतर उकळून निवविलेल्या मिठाच्या सौम्य पाण्याने जखम धुवावी. लोंबणारा तुकडा ओढून काढू नये. नाकपुड्या वरच्या चोचीच्या मुळाशीच असतात, तेव्हा हळदीचा वा अन्य कसलाही लेप त्यांवर बसू देऊ नये. रॉकेल व चुना तर मुळीच लावू नये. घरात उरलेल्या माणसांच्या गोळ्या कोंबडीला चारण्याची सवयही वाईट. त्या औषधाचा अंश अंड्यांत उतरू शकतो.

रक्त दिसले की इतर कोंबड्या तेथेच टोचतात. म्हणून जखमी कोंबडीला डालग्याखाली वेगळे ठेवावे, परंतु कळपाच्या नजरेआड करू नये. एकटी पडलेली कोंबडी अधिकच खचते.

खरी निगा येथून पुढे सुरू होते. जमिनीवर फेकलेले दाणे या कोंबडीच्या उपयोगाचे नाहीत. ज्वारीचे पीठ किंवा कोंबडीखाद्य पाण्यात सैलसर भिजवून दोन-तीन इंच खोल वाडग्यात भरून द्यावे, म्हणजे चोच तळाशी न आपटता तिला घास उचलता येतो. त्यात उकडलेले अंडे कुस्करून घातल्यास उत्तम. पाणीही पसरट थाळीत न देता चोच बुडेल इतक्या खोल भांड्यात द्यावे. नागपूरचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो. त्या दिवसांत पाणी न पिऊ शकणारी कोंबडी फार काळ तग धरत नाही. ओले खाद्य याच उन्हात काही तासांत आंबते, म्हणून ते थोडे थोडे आणि ताजे द्यावे. तिन्हीसांजेला गळ्याखालची अन्नाची पिशवी हाताने चाचपावी. ती रिकामी लागली तर दिवसभर वाडग्यापाशी उभी राहूनही कोंबडी उपाशीच राहिली, असे समजावे.

चोचीभोवतीच्या प्रत्येक खपलीला मार समजू नये. डासांमुळे पसरणाऱ्या देवी रोगातही तेथे खपल्या धरतात. त्या खरवडू नयेत व पशुवैद्यकास दाखवावे. वरची चोच मुळापासून उखडली असेल किंवा जबड्याचे हाड मोडले असेल, तर मात्र ती पुन्हा येण्याची आशा धरू नये. अशा वेळी यातना लांबविण्यापेक्षा पशुवैद्यकाच्या सल्ल्याने तिचा शेवट करणे हेच दयेचे होय. नागपुरात १९५८ सालापासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. शंका असेल तेथे जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून किंवा तेथून सल्ला घेता येतो.

ग्रामसेवक व पशुसखी यांच्या बोलण्यात लसीकरण आणि खुराडे यांना स्थान मिळते ते योग्यच आहे. परंतु कोंबडीच्या जखमेविषयी क्वचितच कोणी बोलते. खोल वाडग्याची गोष्ट सांगायला पाच मिनिटेही लागत नाहीत, आणि ती घरच्या पुरुषापेक्षा कोंबड्या राखणाऱ्या बाईला सांगितलेली बरी.

नुसते टोक गेले असेल तर आवरण काही आठवड्यांत पुन्हा वाढू लागते. या काळात समोरच्या चोचीची झीज होत नाही व ती लांबते. तिचे टोक कानशीने हलकेच घासावे. आत गुलाबी भाग दिसू लागताच हात थांबवावा, कारण तेथून रक्त येते.