दुखऱ्या आठवणी

वर्गात सर्वांसमोर झालेला अपमान, जिवलग मित्राने तोडलेली मैत्री, प्रेमळ नानीचे निधन, अशी एखादी आठवण तुमच्याही मनात असेल. मोठी माणसे म्हणतात, "जाऊ दे, विसरून जा." हा सल्ला प्रेमाचा असतो, पण तो पुरेसा नाही, असे मला वाटते.

मन हुकूम मानत नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी एक प्रयोग केला. तो १९८७ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी विद्यार्थ्यांना सांगितले, "५ मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका." तरी ते अस्वल पुन्हा पुन्हा मनात येतच राहिले! दडपलेल्या आठवणीचेही असेच होते.

मग दिवसरात्र तेच दुःख उगाळत बसावे काय? तेही नको. खपली सारखी काढली, तर जखम भरत नाही. "माझ्याच बाबतीत असे का?" हे शंभरदा विचारून मन फक्त थकते.

यातून एक मार्ग आहे. तो म्हणजे लिहिणे. जेम्स पेनेबेकर यांनी अमेरिकेतील काही विद्यार्थ्यांना सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटे, आपल्या दुःखद अनुभवाविषयी लिहायला लावले. हा प्रयोग १९८६ साली प्रसिद्ध झाला. लिहिल्यावर विद्यार्थ्यांना आधी वाईट वाटले. पण ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, ते पुढील ६ महिन्यांत इतरांपेक्षा कमी वेळा दवाखान्यात गेले.

तुम्हीही लिहा. उर्दूत लिहा, मराठीत लिहा. शुद्धलेखनाची चिंता नको. वही कोणाला दाखवायलाच हवी असेही नाही. लिहिताना थोडे दूर उभे राहून पाहा. हीच गोष्ट धाकट्या बहिणीच्या बाबतीत घडली असती, तर तुम्ही तिला काय सांगितले असते? "सगळी चूक तुझीच," असे नक्कीच म्हटले नसते. मग स्वतःशीच इतके कठोर का व्हावे?

मात्र आठवणीने झोप उडाली, जेवण जाईना, किंवा कोणी त्रास देत असेल, तर वही पुरणार नाही. अम्मी, अब्बा, सर, बाई, ज्यांच्यावर तुमचा विश्वास आहे त्यांना सांगा. भारत सरकारच्या टेलि-मानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर मोफत फोन करता येतो. मदत मागण्यात कमीपणा नाही.

आज जमले नाही तर उद्या. पण एक पान लिहून पाहाच.