भीतीची ज्याची त्याची मात्रा
‘तुंबाड’ हा भयपट 2018मध्ये आला तेव्हा फारसा चालला नाही. 2024मध्ये पुन्हा लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त गल्ला जमवून गेला. पैसे मोजून घाबरायला माणसं रांग लावतात, आणि त्यांच्याच घरातलं कुणीतरी ‘मला नको बाई’ म्हणून मागे राहतं. मागे राहणाऱ्याला भित्रं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. पडद्यावर दार करकरलं की छातीत धडधड, तळहातांना घाम, हे दोघांनाही होतं. एकाचं मन ‘हे खोटं आहे’ हे घट्ट धरून ठेवतं, आणि प्रसंग सरला की तीच धडधड मजेत बदलते. दुसऱ्याची रात्री मोरीपर्यंत जातानाही उतरत नाही. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी करमणुकीच्या भूतबंगल्यात शिरलेल्यांच्या हृदयाचे ठोके मोजले, तेव्हा सगळ्यांत जास्त मजा मध्यम घाबरण्यात आढळली. भीती फार कमी किंवा फार जास्त झाली की मजा ओसरली. हे मध्यम प्रत्येकाचं वेगळं. नारायण धारपांची भयकथांची पुस्तकं फक्त भर दुपारी वाचणाऱ्यांना आपली मात्रा अचूक कळलेली असते. म्हणून नको म्हणणाऱ्याला हाताला धरून थिएटरात ओढू नये. लहान मुलांना तर मुळीच नाही, कारण खरं-खोटं वेगळं ठेवायला त्यांचं मन अजून शिकत असतं.