पहिल्या दिवशी राजवाडा नको

उन्हाळ्याच्या सुट्टीत युरोपला निघालेल्या कुटुंबांचे कार्यक्रम माझ्याकडे वाचायला येतात. विमान दुपारी एकला उतरणार आणि चार वाजता राजवाडा, असा पहिला दिवस त्यांतल्या बहुतेकांत असतोच. तो राजवाडा आधी खोडा, हे मी प्रत्येकाला सांगते. कारण व्हिएन्नाचं उदाहरण घेऊन मांडते.

पैशांचं गणित मला कळतं. आजी-आजोबा, आई-बाबा आणि दोन मुलं अशा सहा जणांचं विमानभाडं, व्हिसा, हॉटेल यांत कितीतरी घरांची वर्षानुवर्षांची शिल्लक जाते. एक अख्खी दुपार सोडून देताना जीव तुटणारच. पण त्या दुपारी राजवाड्यात पोचणारी माणसं कोणत्या अवस्थेत असतात ते बघा. मुंबईहून पहाटेचं विमान, म्हणजे आदल्या रात्री कुणाच्याच डोळ्याला डोळा लागलेला नाही. आखातात विमान बदललं, पुन्हा पाच-सहा तास एका जागी बसणं झालं. आजोबांच्या पावलांना सूज आहे, धाकटी पेंगते आहे. शॉनब्रुन राजवाड्याच्या तिकिटावर आत जायची वेळ छापलेली असते, त्यामुळे बॅगा यायला उशीर झाला की बाबांचा चेहरा उतरतो आणि मग सगळ्यांवर घाई सुरू होते. अशा मनःस्थितीत सम्राज्ञी मारिया थेरेसाची दालनं डोळ्यांसमोरून जातात, आत काही उतरत नाही. खर्च झालेला असतो, बघणं राहिलेलं असतं.

मुंबईत रात्रीचे साडेअकरा वाजतात तेव्हा उन्हाळ्यात व्हिएन्नात आठ वाजलेले असतात. शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण तासभर सरकतं. पश्चिमेकडे जाताना ते त्यातल्या त्यात लवकर जुळतं, कारण बहुतेकांचं आतलं घड्याळ मुळातच २४ तासांपेक्षा थोडं लांब चालतं आणि दिवस लांबवणं त्याला सोपं जातं. त्याला मदत करतो तो संध्याकाळचा उजेड. जूनमध्ये तिथे सूर्य नऊच्या सुमारास मावळतो, म्हणजे उजेडाला तोटा नाही. तेव्हा खोलीचे पडदे ओढून तीन तास झोपू नका. वाटलंच तर अर्धा तास पडा आणि बाहेर पडा.

बाहेर पडून करायचं काय? श्वेडनप्लाट्झला जाऊन १ नंबरच्या ट्राममध्ये बसा. २४ तासांचं तिकीट काढा, कागदी असेल तर पहिल्यांदा वापरताना यंत्रात छाप मारून घ्या. पूर्वी एकच ट्राम रिंगरस्त्याची पूर्ण फेरी मारायची. २००८ पासून तसं राहिलं नाही, पण १ नंबर उत्तम अर्धी फेरी घडवते. उजवीकडे विद्यापीठ, उंच मनोऱ्याचा रातहाउस (म्हणजे नगरभवन), संसद येते. डावीकडे बुर्गथिएटर, मग शहरातल्या दुसऱ्या राजवाड्याच्या बागा आणि शेवटी ऑपेरा. आजी खिडकीशी बसून हे सगळं बघू शकते, गुडघ्यांना काही द्यावं लागत नाही.

मुलांना तेवढं सांगा की हा रस्ता जिथून जातो तिथे तटबंदी होती. १५२९ आणि १६८३ मध्ये तुर्कांनी या शहराला वेढे घातले आणि दोन्ही वेळा शहर टिकलं. दुसऱ्या वेढ्याच्या वेळी आपल्याकडे छत्रपती संभाजी महाराजांची कारकीर्द सुरू होती. पुढे तोफा बदलल्या, शहर भिंतीबाहेर वाढलं आणि १८५७ मध्ये सम्राट फ्रान्स योझेफने तटबंदी पाडायचा हुकूम काढला. १८६५ मध्ये रस्ता खुला झाला, इमारती त्यानंतर कितीतरी वर्षं उभ्या राहत होत्या. आपल्या मुलांना बुरूज आणि खंदक ठाऊक असतात, त्यामुळे ही गोष्ट त्यांना चटकन भिडते.

ऑपेरापाशी उतरून रमतगमत श्वार्झनबर्गप्लाट्झला चला. तिथलं मोठं कारंजं मला या शहरात सगळ्यांत जास्त आवडतं. विहिरींच्या दूषित पाण्याने व्हिएन्नात पटकी आणि विषमज्वराच्या साथी येत असत. एदुआर्द झ्यूस या भूगर्भशास्त्रज्ञाने डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी शहरात आणायचा आग्रह धरला. आल्प्समधून नव्वदहून अधिक किलोमीटर, निव्वळ उतारावर वाहत ते १८७३ मध्ये पोचलं आणि त्या आनंदात हे कारंजं उडवलं गेलं. तेच झऱ्यांचं पाणी आजही घरोघरी नळाला येतं. उकळलेलं पाणी मिळेल का, म्हणून काळजीत असलेल्या आजीला रस्त्यावरच्या नळाचं गार पाणी बाटलीत भरून द्या आणि ही हकिकत सांगा. पहिल्या दिवशी शहराची ओळख याहून चांगली करून देता येत नाही, असं माझं मत आहे. शिवाय सहा जणांच्या विकतच्या पाण्याचे युरो वाचतात.

मग जवळच्या कॉफीहाउसमध्ये शिरा. कॉफीबरोबर छोट्या तबकात पाण्याचा पेला न मागता येतो. एका कपावर दोन तास बसलात तरी कुणी उठवायला येत नाही. थकलेल्या म्हाताऱ्या माणसांचा इतका मान राखणारी दुसरी जागा शहराच्या मध्यभागी सापडणं कठीण.

पहिला दिवस रविवार असेल तर मात्र आधीच सावध राहा. बहुतेक दुकानं आणि किराणा बंद असतो, दूध-ब्रेड मोठ्या रेल्वे स्टेशनांतल्या दुकानांतच मिळतो. घरून पोळ्या, चटणी, मेतकूट न्या. पेढे आणि श्रीखंड नेऊ नका, युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ आणू देत नाहीत.

सातला जेवा, नऊच्या आत झोपा. दुसऱ्या दिवशी पहाटे चारलाच अख्खं घर जागं होईल. तेव्हा चिडू नका, निघायची तयारी करा. शॉनब्रुनची बाग साडेसहाला उघडते आणि तिथे फिरायला पैसे पडत नाहीत. राजवाड्याचं तिकीट सकाळच्या पहिल्या वेळेचं काढा, गर्दी व्हायच्या आत तुम्ही बाहेर असाल. त्याच आवारात १७५२ पासून चालू असलेलं प्राणिसंग्रहालय आहे. मुलांसाठी त्याला अर्धा दिवस मोकळा ठेवा.