माजी विद्यार्थ्यांचे ऋण

महाविद्यालय सोडून पंचवीस-तीस वर्षे लोटली की माजी विद्यार्थ्यांचे मेळावे भरू लागतात. उपाहारगृहातील उधारीचा चहा, स्नेहसंमेलनातील फसलेले नाटक, एखाद्या प्राध्यापकाची लकब यांच्या आठवणी निघतात आणि मंडळी सुखावून घरी परततात. यात गैर काही नाही. परंतु त्या चार वर्षांनी आपल्याला घडविले ते नेमके कशाच्या बळावर, आणि ते बळ पुढल्या पिढीसाठी शिल्लक उरले आहे काय, हा प्रश्न अशा मेळाव्यांत सहसा विचारला जात नाही. तो विचारला पाहिजे.

महाविद्यालयीन वर्षांचे ऋण कसे मानावे, याचा वस्तुपाठ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घालून दिला आहे. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. १९१६ पर्यंतच्या तेथील वास्तव्यात सेलिग्मन यांच्यासारखे अर्थशास्त्रज्ञ व जॉन ड्युई यांच्यासारखे तत्त्वज्ञ त्यांना गुरू म्हणून लाभले. लोकशाही ही केवळ राज्यपद्धती नसून सहजीवनाची रीत आहे, हा ड्युईंचा विचार वीस वर्षांनंतर, १९३६ साली, जातिसंस्थेच्या निर्मूलनाविषयीच्या त्यांच्या प्रबंधात उतरला आणि तेथे त्यांनी आपल्या या गुरूचे ऋण उघडपणे मान्य केले. १९५२ साली कोलंबियाने त्यांना सन्माननीय पदवी दिली, त्याच जून महिन्यात ड्युई निवर्तले. गुरुशिष्यांची भेट राहून गेली.

मात्र बाबासाहेब कृतज्ञतेच्या शब्दांवर थांबले नाहीत. आपल्याला जे सातासमुद्रापलीकडे जाऊन मिळाले ते येथल्या मुलांना येथेच मिळाले पाहिजे, या जिद्दीने त्यांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघाले. दिवसा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग ठेवण्यात आले. १९५० साली औरंगाबादेत सुरू झालेले महाविद्यालय पुढे मिलिंद या नावाने ओळखले जाऊ लागले. हे नाव प्रश्न विचारणाऱ्या आणि उत्तर पटल्यावर ते मान्य करणाऱ्या राजाचे आहे. अवघ्या दोन वर्षांपूर्वी निजामी राजवटीतून मुक्त झालेल्या मराठवाड्यात ही गोष्ट लहान नव्हती. पदवीचे शिक्षण म्हणजे हैदराबादची वाट, अशी तोवर तेथील बहुतेकांची स्थिती होती.

नागसेनवनाच्या त्या परिसरात जे घडले ते निव्वळ तासांवरच्या व्याख्यानांनी घडले नाही. खेड्यातल्या वस्तीवरून आलेल्या मुलाला तेथे वसतिगृहात खाट मिळाली, ग्रंथालयात बसायला जागा मिळाली आणि त्याचे लेखन वाचून त्याला लिहिते ठेवणारे प्राध्यापक मिळाले. मिलिंदमध्ये अध्यापन करणाऱ्या डॉ. गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ साठीच्या दशकाच्या अखेरीस याच वातावरणातून उभे राहिले आणि दलित साहित्याला त्याचे हक्काचे व्यासपीठ लाभले. १९७८ साली मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात संमत होताच दलित वस्त्या जाळण्यात आल्या. त्यानंतर १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होईपर्यंत जो लढा चालला, त्यात शिकलेल्या तरुणांची पिढी आघाडीवर होती. महाविद्यालयाचा संस्कार टिकला असे म्हणायचे ते या अर्थाने.

आज या संस्काराची साधनेच काढून घेतली जात आहेत. १९८३ साली महाराष्ट्रात विनाअनुदानित तंत्रशिक्षणाची दारे उघडली. जागा वाढल्या हे खरे. पण शिक्षण ही विकत घेण्याची वस्तू आहे, ही समजूतही त्याच दारातून आत आली. जो भरमसाट शुल्क मोजून पदवी घेतो त्याने समाजाचे ऋण कोणत्या तोंडाने मानावे? अनुदानित महाविद्यालयांत रिकाम्या पदांवर तासिका तत्त्वावरील अध्यापक नेमून काम भागविले जाते. एका महाविद्यालयातील तास संपवून दुसऱ्या महाविद्यालयाची एस.टी. गाठणाऱ्या आणि पुढच्या वर्षी आपण येथे असू की नाही हे ठाऊक नसलेल्या शिक्षकाने विद्यार्थ्याच्या कविता केव्हा वाचाव्यात? दोष त्या शिक्षकाचा नाही. त्याला तासाच्या हिशेबाने राबविणाऱ्या धोरणाचा आहे.

म्हणून माजी विद्यार्थ्यांच्या संघटनांनी प्रवेशद्वाराच्या कमानीसाठी वर्गणी जमविण्याआधी थोडा विचार करावा. आपल्या महाविद्यालयात किती पदे रिक्त आहेत, वसतिगृहात किती मुलांना जागा नाकारली गेली, ग्रंथालय सायंकाळी किती वाजेपर्यंत उघडे असते, याची चौकशी त्यांनी करावी आणि उत्तरे घेऊन शासनाच्या दारी जावे. सार्वजनिक पैशावर शिकून मोठ्या झालेल्या पिढीचा आवाज तेथे अजून ऐकला जातो. ज्या शिडीने आपण चढलो ती मागच्यांसाठी जागेवर आहे की नाही हे पाहणे, हे त्या पिढीचे किमान कर्तव्य होय.